तीन नंबरच्या टाकीतला चढा स्वर

१

शनिवार, ९ मे २००९ रोजी सकाळी सव्वादहा वाजता तीन नंबरच्या टाकीतला मासा सेकंदाला आठशे अठ्ठावन्न स्पंदने सोडत होता. आदल्या संध्याकाळी साडेपाच वाजता तोच मासा आठशे बावन्नवर होता. पाण्याचे तापमान दोन्ही वेळा सत्तावीस अंश होते. मधल्या काळात खोलीला कुलूप होते.

रविवारी दुपारी हे आकडे भानुमतीबाई खापरे यांच्या समोर आले. राइट टाउनमधल्या घरी त्या वाळ्याच्या पडद्याआड बसल्या होत्या. चौतीस वर्षे त्यांनी जबलपुरात पदार्थविज्ञान शिकवले आणि निवृत्तीनंतरची सात वर्षे लोकांच्या विधानांतला ‘बहुधा’ शोधण्यात घालवली. वही आणणारी मनीषा रामटेके ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. पोरगी पाणीसुद्धा न पिता खुर्चीच्या काठावर बसली होती.

“आधी नीट टेकून बस,” भानुमतीबाई म्हणाल्या. “मग सांग, हा मासा काय करतो?”

“बाई, ब्लॅक घोस्ट म्हणतात त्याला. दक्षिण अमेरिकेतला. अंगातून सारखी बारीक वीज सोडते, तिच्यावर अंधारात वाट काढते. प्रत्येकाचा आपापला ठराविक स्वर असते. दुसऱ्या माशाचा स्वर अगदी जवळ आला, की ह्याला काही सुधरत नाही. मग हा आपला स्वर चढवून बाजूला होते.”

“शहाणा आहे. पुढे?”

“पुढची गंमत अशी, की हा गोंधळ बराच वेळ चालला, तर दुसरा मासा निघून गेल्यावरही ह्याचा स्वर काही तास चढाच राहते. मी त्याचंच कारण शोधून राहिली.” इथे मनीषाच्या आवाजात पहिल्यांदा जोर आला. “मेंदूच्या बुडाशी ताल धरणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर एका जातीचे ग्राही असतात, एनएमडीए नावाचे. म्हणजे दारंच समजा. नुसता निरोप आला तर उघडत नाहीत. निरोप आला आणि पेशी आधीच उत्तेजित असली, तरच उघडतात. मग कॅल्शियम आत शिरते आणि निरोप थांबला तरी पेशी चढाच ताल धरून ठेवते. ही दारं औषधानं बंद केली, तर मासा तेवढ्यापुरता स्वर चढवते, पण आठवण राहत नाही. लगेच खाली येते.”

“मग अडलं कुठे?”

“मोकळ्या दिवशी, बाई. त्या दिवशी मी माशाला कुठलाच सिग्नल देत नाही. तो जागच्या जागी राहिला पाहिजे, तरच बाकीच्या दिवसांना अर्थ आहे. दोन तारखेपासून तीन नंबरचा मासा मोकळ्या दिवशीही चढून राहिला. माझे मार्गदर्शक डहाके सर म्हणतात, खोलीच्या किल्ल्या तीनच आहेत. त्यांच्याकडे, अटेंडंट गणपतकडे आणि माझ्याकडे. म्हणजे मीच कुलूप लागल्यावर येऊन सिग्नल देते, निकाल ठळक दिसावा म्हणून.” तिने वही बंद केली. “शुक्रवारी पत्र पाठवणार आहेत. माझी पीएचडीची नोंदणी रद्द करा म्हणून.”

“काल तर बुद्धजयंती होती. सुट्टीच्या दिवशी तू तिथे काहून गेलीस?”

“विहारातून परस्पर गेली, बाई. मोजणी चुकवायची नाही, हे तुम्हीच शिकवलं ना.”

भानुमतीबाईंनी तिच्या हातातली वही काढून घेतली आणि पाण्याचा पेला ठेवला.

“पी. उद्या मी येते.”

२

डॉ. चंद्रशेखर डहाके हे खलनायक म्हणून अगदीच निकामी होते. सोमवारी भानुमतीबाई प्रयोगशाळेत येताच ते उठून उभे राहिले, खुर्ची पुसली आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून पुन्हा लावला.

“मॅडम, ती मला लेकीसारखी आहे. म्हणूनच भीती वाटते. बारा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यावर आंधळा विश्वास ठेवला होता. त्याचे आकडे खोटे निघाले. लेख मागे घ्यावा लागला, आणि मग मला स्वतःच्या सहीचीही खात्री वाटेना.”

“त्या मुलाचा पुरावा काय होता?”

“कबुली.”

“आणि हिचा?”

“किल्ली.”

“किल्ली ही संधी झाली, डॉक्टरसाहेब. पुरावा नव्हे.” त्यांनी वही उघडली. “तापमानाचं काय? पाव अंशाने मासा किती चढतो?”

“आठ-नऊ हर्ट्झ तरी. ते मी पहिल्यांदा तपासलं. तिन्ही टाक्या एकाच हौदात आहेत. पाणी तापलं असतं तर तिघेही चढले असते. एक नंबर आठशे तेवीसवर आहे आणि दोन नंबर आठशे चौऱ्याऐंशीवर. दोघं जागचे हललेले नाहीत.”

“म्हणजे कुणीतरी नेमका तिसराच निवडला.”

“तेच तर मी म्हणतोय.”

“तुम्ही ‘कुणीतरी’वर जोर देताय. मी ‘तिसरा’वर देतेय.” भानुमतीबाईंचे बोट ओळींवरून खाली सरकले आणि थांबले. “दोन मे, चढा. तीन, चढा. चार, चढा. पाच मे, आठशे बावन्न. सहा, पुन्हा चढा. पाच तारखेला काय झालं होतं?”

डहाके ओणवे होऊन पाहू लागले. “चारच्या संध्याकाळी तिने त्याला औषध दिलं होतं. ग्राही बंद करण्याचं. दुसऱ्या माशावरच्या प्रयोगाआधी मात्रा तपासायला.”

“सिग्नल न देता?”

“सिग्नल न देता.” ते सरळ झाले. “यावरून काय होतं?”

“अजून ठाऊक नाही,” भानुमतीबाई म्हणाल्या. “पण आकडे लबाडी करणाऱ्याने लिहिलेले वाटत नाहीत. लबाड माणूस पाच तारखेची ओळ लिहिताना दहा वेळा विचार करतो. हिने तिच्याखाली साधी रेघही मारलेली नाही.”

३

शेजारच्या खोलीत प्रतिमा बोरकर बेडकांच्या हृदयांवर काम करी. ती चहा घेऊन आली आणि आल्याआल्या चहाचीच तक्रार करू लागली.

“बाई, गोड मानून घ्या. तुळशीराम गेल्यापासून इथं चहा राहिलाच नाही. गरम पाणी आहे.”

“तुळशीराम कोण?”

“इथले जुने अटेंडंट. अठ्ठावीस एप्रिलला ग्वारीघाटच्या रस्त्यावर सायकलवरून पडले. पाय मोडला. त्यांच्या जागी गणपत भैया आले. काम बरं आहे, पण पाहा ना, आमच्याकडे खोलीत पायताण घालाची मनाई आहे आणि हा माणूस रबरी चप्पल पायातून काढून नाही राहिला. मी तीनदा बोलली.”

दारात उभा असलेला गणपत हसला. पंचेचाळिशीचा, अंगाने सडपातळ, तोंडात सुपारी. “मॅडमजी, चप्पल काढली तर मी जाईन. मी गेलो तर टाकी कोण धुणार?”

“जाशील कुठे? घरी?” प्रतिमा म्हणाली.

“वर,” गणपत म्हणाला आणि छताकडे बोट दाखवले. प्रतिमा आणि मनीषा दोघीही हसल्या. भानुमतीबाई मात्र त्याच्या पायांकडे पाहत राहिल्या.

“तुझी किल्ली कुठे असते?” त्यांनी विचारले.

“जानव्याले तं नाही बांधत बाई. खिळ्यावर राहते. ह्या प्रतिमा मॅडमले ठाव आहे, मनीषा दीदीले ठाव आहे, चौकीदाराले ठाव आहे.”

“आणि रोजचं काम?”

“सकाळी तिन्ही टाक्यांतलं थोडं थोडं जुनं पाणी काढायचं, नवं भरायचं. जुनं पाणी मोरीत. संध्याकाळी कूलर भरायचा, चालू करायचा, कुलूप. रात्रभर चालते. सकाळी मनीषा दीदी मोजणीच्या आधी बंद करते.”

“दिवसभर बंद?”

“दिवसभर,” मनीषा म्हणाली. “मोजताना खोलीत एकही मोटर चालू ठेवायची नाही, असा माझा नियम आहे. पाणी थंड ठेवायचं यंत्र आहे तेही खोलीबाहेर आहे.”

त्या संध्याकाळी साडेपाचला गणपतने कूलर लावला, खोली बंद झाली, आणि भानुमतीबाईंनी दार व चौकट यांच्यावर कागदाच्या चार पट्ट्या डिंकाने चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर डहाक्यांनी आणि त्यांनी अर्धी अर्धी सही केली. खिडक्यांना गज होते. छत सिमेंटचे होते.

मंगळवारी सकाळी दहा वाजता चारही पट्ट्या जशाच्या तशा होत्या. सह्या जुळत होत्या.

मनीषाने आत जाऊन कूलर बंद केला, टाकीतल्या दोन तारा यंत्राला जोडल्या आणि आकडा वाचला.

आठशे अठ्ठावन्न.

४

“मला माफ कर,” डहाके म्हणाले. मनीषाकडे पाहून आणि जराही न रेंगाळता म्हणाले, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मग खुर्चीवर बसले. “तू काही केलं नाहीस. पण बेटा, आता सांगू तरी कसं? मासा जर आपोआप चढत असेल, तर तुझा तीन वर्षांचा प्रबंध गेला. सिग्नलमुळे चढला की आपल्या मर्जीने चढला, हे कोण ठरवणार?”

मनीषा माशाजवळ गेली. तिने टाकीच्या काचेवर तळहात ठेवला. आतला काळा, चपटा मासा पोटाखालची झालर हलवत त्या हाताच्या सरळ रेषेत येऊन थांबला. आरोप फिटला होता आणि काम बुडाले होते. या दोहोंत आधी कशाचे रडू यावे, हे तिला कळत नव्हते.

“आपोआप हा शब्द मी वर्गात कधी चालवून घेतला नाही,” भानुमतीबाई म्हणाल्या. “मनीषा, तुझं औषध नेमकं काय थांबवतं? माशाचा स्वर?”

“नाही, बाई. स्वर तसाच राहते. फक्त बाहेरच्या गोंधळाची आठवण थांबते.”

“मासा मर्जीने चढत असता, तर पाच मेलाही चढला असता. त्या दिवशी दारं बंद होती, म्हणून तो चढा राहिला नाही. म्हणजे रोजचा चढ त्याच दारांतून येतो. म्हणजे बाहेरचा सिग्नल आहे. तो आत न येता दिला जातो, आणि तू मोजायला येतेस तेव्हा संपलेला असतो. माशाला तो आठवतो. तुझ्या यंत्राला कसा आठवणार?”

खोलीतली हवा कोंदली होती. भानुमतीबाईंनी पदराने मान पुसली.

“हे यंत्र स्वर ऐकवतं का?”

मनीषाने कर्णा जोडला. खोलीभर एक सरळ, बारीक, न थकणारा सूर पसरला.

“आता तो कूलर लाव.”

“बाई, मोजताना...”

“तुझा नियम उत्तम आहे. म्हणूनच तो एकदा मोडून पाहिला पाहिजे.”

कूलर घरघरला. सूर थरथरू लागला. पेटीच्या दोन किंचित बेसूर पट्ट्या एकदम दाबाव्यात, तशी लहर त्यात उठली. मनीषाने यंत्राच्या पडद्याकडे पाहिले. आठशे अठ्ठावन्नच्या उंच रेघेशेजारी एक बुटकी रेघ उभी होती.

“आठशे पन्नास,” ती पुटपुटली.

“पन्नास गुणिले सतरा,” भानुमतीबाई म्हणाल्या. “घरातली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची. कूलरचा तो वेग कमीजास्त करणारा रेग्युलेटर तिचे तुकडे पाडतो. तुकडे पाडले की तिच्या तिप्पट, पाचपट, सतरापट असे सूर निघतात. एक नंबर आठशे तेवीसवर, दोन नंबर आठशे चौऱ्याऐंशीवर. दोघांनाही आठशे पन्नास लांब पडतं. तिसरा मात्र आठशे बावन्नवर. रात्रभर त्याच्या कानाशी दोन पायऱ्यांवर कुणीतरी गात होतं. कुणी निवडलं नाही त्याला. तो तिथे राहत होता, एवढंच.”

डहाके उठून उभे राहिले होते. मनीषाचा चेहरा मात्र पुन्हा उतरला.

“नाही जमत, बाई. हा कूलर तुळशीरामकाकांनी दहा एप्रिललाच लावला. मागच्या उन्हाळ्यातही हाच होता. तेव्हा मासा एकदाही चढला नाही.”

५

भानुमतीबाईंना हा आक्षेप फार आवडला. त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला.

“दहा एप्रिल ते एक मे, कूलर आहे आणि चढ नाही. दोन मेपासून कूलर आहे आणि चढही आहे. म्हणजे कूलर हे अर्धं उत्तर. मधे काय बदललं? गणपत, इकडे ये. तू चप्पल काहून काढत नाहीस?”

“सांगितलं ना बाई. कूलर झिणझिण्या देते. पाणी भरताना हात लागला की कोपरापर्यंत. रबरी चप्पल असली तं काही होत नाही.”

“पहिल्या दिवसापासून?”

गणपतने सुपारी गालात सरकवली. “पहिले तीन-चार दिवस तं नव्हतं बाप्पा. मग सुरू झालं.”

“आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“त्यात काय सांगायचं? गढ़ात आमच्या मोहल्ल्यात माझ्या घरचा देते, सासऱ्याकडचा देते. उन्हाळ्यात कूलर झिणझिण्या देतेच.”

प्रतिमा हसणार होती, पण भानुमतीबाईंचा चेहरा पाहून थांबली. कूलरची फुटकळ वीज जमिनीत जायला हवी, ती माणसांच्या कोपरात येत होती. माशांच्या टाक्या ठेवलेल्या लोखंडी मांडणीचीही जमिनीत जाणारी तार तीच, मार्ग तोच. आणि तो बंद पडला होता.

“अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?”

हे कुणालाच माहीत नव्हते. तार भिंतीतून मागे जात होती, म्हणून सगळे मागे गेले. भिंतीलगत, मुरमाच्या तापलेल्या जमिनीत, गवती चहाचे एक भले मोठे ठोंब वाळून कडब्यासारखे झाले होते. भानुमतीबाईंनी काठीने पाती बाजूला केली. मधोमध लोखंडी नळी उभी होती, आणि तिला ती तार बांधलेली होती.

“आमचा चहा,” प्रतिमा हळूच म्हणाली.

दुपारी बाई आणि मनीषा रिक्षाने तुळशीरामच्या घरी गढ़ात गेल्या. तुळशीराम खाटेवर होता, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. बायको चंपाबाई वारा घालत होती. मनीषाला पाहताच त्याने उठायचा प्रयत्न केला आणि चंपाबाईने त्याला दटावले, “पडून राहा! पाय एक मोडला तेवढा पुरे झाला.”

“तीन नंबरची बरी आहे का पोरी?” त्याने पहिला प्रश्न विचारला. त्याच्या लेखी मासा बाईमाणूसच होता. “खाते का? तिले अळ्या पायटीच, उजाडाच्या आत द्याव्या लागतात.”

“बरी आहे, काका.”

“तुळशीरामजी,” भानुमतीबाई म्हणाल्या, “मागच्या गवती चहाला पाणी तुम्ही घालत होता?”

“रोज दोन बादल्या, बाईसाहेब. टाक्यांचं काढलेलं जुनं पाणी. चैत लागला की पाऊस पडेपर्यंत.” तो जरा अवघडला. “चहा तं मी मागून लावला. खरं पाणी त्या नळीले. एक्याण्णव साली खोली सुरू झाली तवा जुन्या सायबांनी सांगतलं होतं, तुळशीराम, इथला मुरूम पाणी धरत नाही, ही जागा सुकू देजो नोको. म्हणलं, रोज पाणी टाकाचंच आहे तं उगाच वाया काहून जाऊ द्या.”

“गणपतला हे सांगितलं नाहीत?”

“आता पाहा,” तुळशीराम म्हणाला, “अंगणातल्या तुळशीले पाणी घाला म्हणून कोणी कोणाले सांगते का? मले वाटलं, दिसन त्याले.” मग त्याने दोघींचे चेहरे पाहिले आणि त्याचा आवाज खाली आला. “काही झालं का? माह्याच्यानं पोरीचं नुकसान तं नाही झालं?”

मनीषा खाटेच्या पायथ्याशी बसली. प्लास्टरवर उडालेली हळदीची पूड तिने बोटाने झटकली.

“नाही, काका. मागच्या दोन उन्हाळ्यांतले माझे सगळे आकडे तुमच्यामुळे धड आहेत. हे मला आज कळलं.”

तुळशीरामने काहीच न समजून चंपाबाईकडे पाहिले. चंपाबाईने पंखा थांबवला. “चांगलं म्हणून राहिली,” ती म्हणाली. “ऐकून घ्या.”

६

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता गणपतने आणि, कुणीही न सांगता, डॉ. डहाक्यांनी मिळून त्या नळीच्या बुडाशी आठ बादल्या पाणी ओतले. मुरूम फसफसत ते पीत गेला. साडेपाचला कूलर लावला. कर्ण्यातून सरळ, एकट्या माशाचा सूर आला. पडद्यावर बुटकी रेघ नव्हती.

एवढ्यावर भानुमतीबाईंचे समाधान झाले नाही. बुधवारी सकाळी मासा आठशे बावन्नवर होता. त्या दिवशी त्यांनी तार मुद्दाम सोडवून ठेवली, झटका बसू नये म्हणून गणपतला हात लावू न देता कूलर रात्रभर चालवला, आणि गुरुवारी सकाळी मासा आठशे सत्तावन्नवर मिळाला. तार पुन्हा जोडली. शुक्रवारी आठशे बावन्न.

“आता लिही,” डहाके मनीषाला म्हणाले. त्यांनी पत्राविषयी काही सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही. “अटेंडंटच्या कामांची यादीही नवी कर. पहिलं काम कोणतं, ते तुला ठाऊक आहे.”

मनीषाने खोलीच्या नोंदवहीत, १५ मे २००९ या तारखेखाली, लिहिले:

‘तीन नंबरच्या माशाच्या स्वरवाढीचे कारण. २८ एप्रिलपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातले गेले नाही; १ मेच्या सुमारास जमीन सुकली व भूसंपर्क तुटला. त्यामुळे कूलरच्या रेग्युलेटरमधून निघणारा ८५० हर्ट्झचा विद्युत्-स्वर रात्रभर टाक्यांच्या पाण्यात उतरला. ८५२ हर्ट्झच्या माशाने तो शेजारी समजून आपला स्वर चढवला, आणि मेंदूतील एनएमडीए ग्राहींमुळे कूलर बंद झाल्यावरही तो काही तास चढा राहिला. ४ मे रोजी ग्राही औषधाने बंद होते, म्हणून ५ मे रोजी वाढ आढळली नाही. खोलीत कोणीही शिरले नव्हते. खड्ड्यात पाणी घालण्याचे काम श्री. तुळशीराम हे अठरा वर्षे दर उन्हाळ्यात रोज करीत होते. त्याची नोंद कोठेही नव्हती.’